चाफ्याखालची पाटी

ती घटना आजही आठवते, पण जागेपणी कमी. जेवण झालं, पंखा तीनवर केला, वर्तमानपत्र तोंडावर ओढलं, की ती येते. चारकोपच्या आमच्या घराबाहेर रिक्षा वळत असतात, कुठेतरी कुकरची शिट्टी होते, आणि मी मात्र अंधेरीच्या त्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एका कबरीपाशी बसलेला असतो. हातात निशिगंधाची जुडी आणि डोळ्यांत खोटं पाणी. बायको म्हणते, "झोपेत हसताय कशाला?" मी हसत नसतो, लाजत असतो.

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, त्यांतल्या काही तपासांबद्दल प्रशस्तिपत्रकं मिळाली. ती कपाटात आहेत. या केसचं प्रशस्तिपत्रक नाही, कारण हिच्यात बरोबर असं मी फारसं काही केलं नाही. कुणाचंही नाव घेणार नाही. ज्याचं नाव महत्त्वाचं होतं, ते एका दगडावर कोरलेलं आहे. एवढं मात्र आधीच सांगतो, की त्या दगडावर एका म्हाताऱ्या बाईची शेवटची जागा अवलंबून होती, आणि मी तो दगड चोरीचा माल समजून शोधत फिरत होतो.

तेव्हा मी पोलीस उपनिरीक्षक होतो. मानखुर्दहून बदली होऊन अंधेरीला आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. आमच्या हद्दीत उंच इमारतींच्या मधोमध एक जुनं गावठाण होतं. कौलारू घरं, बारकं चर्च आणि चर्चच्या मागे दफनभूमी. एके काळी स्टुडिओंत वाजवणारे कितीतरी ख्रिस्ती वादक याच भागात राहत, त्यामुळे शेवटीही ते तिथेच आले. ट्रंपेटवाले, वायलिनवाले, एक नाच बसवणारे मास्तर, पडद्यावर आयुष्यभर मार खाल्लेला एक खलनायक. रविवारी सकाळी लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि एक वाटाड्या त्यांना "हे कोण, ते कोण" सांगत फिरवायचा. सगळ्यात गर्दी असायची ती चाफ्याखालच्या कबरीपाशी. तिथे काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या काळातली एक फार मोठी नटी विसावली आहे, असं पांढऱ्या संगमरवरी पाटीवर लिहिलेलं होतं.

ही नटी आमच्या घरातली. म्हणजे माझ्या आईने मासिकातला तिचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज सकाळी आई कपाट उघडून मिनिटभर उभी राहायची. वडील गिरणीत कामाला, भाविक माणूस. आत देवाचा फोटो आहे, अशी त्यांची समजूत होती आणि आईने ती कधी मोडली नाही. आई गेली तेव्हा बहिणींनी भांडी घेतली, मी कपाटाचं दार घेतलं.

त्यामुळे अंधेरीला आल्यापासून दर गुरुवारी मी निशिगंधाची जुडी घेऊन चाफ्याखाली जायचो. स्टेशन डायरीत लिहायचो, 'दफनभूमी परिसरात गस्त'. त्यात खोटं काही नव्हतं. परिसर होता आणि मीही होतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस एक दिवस ठाण्यात एक गृहस्थ आले. मुलुंडचे, बँकेतून निवृत्त झालेले, हातात दोरी बांधलेली फाइल. नटीच्या चाहत्यांच्या मंडळाचे ते चिटणीस.

"साहेब, बाई गेल्या," असं म्हणून ते रडायला लागले.

ठाणे अंमलदाराने घाईघाईने अपमृत्यूचा फॉर्म पुढे ओढला. मी म्हटलं, "थांब रे. बाई जाऊन चाळीस वर्षं झाली."

"पाटी गेली, साहेब," चिटणीस डोळे पुसत म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी आम्ही बसवलेली. दोन नोव्हेंबरला आमचा कार्यक्रम असतो. सगळे येतात. मी त्यांना काय दाखवू? सिमेंट?"

दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याला अकरा दिवस उरले होते. मी चोरीचा गुन्हा नोंदवला. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर स्टेशन डायरी उघडी होती.

"तू तिथे दर आठवड्याला गस्त घालतोस."

"हो सर."

"आणि पाटी गेली."

"हो सर."

"गस्त घालताना नक्की काय बघतोस रे?"

मी सॅल्यूट मारला.

पंचनाम्याला मी, आमचे मालवणी हवालदार आणि दोन पंच. सिमेंटच्या चौथऱ्यावर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन उरला होता आणि चार भोकं. कबरीच्या मागे पत्र्याच्या डब्याचं एक झाकण होतं. त्यात चार पितळी स्क्रू, पुसून, एका रांगेत ठेवलेले.

हवालदार वाकून बघत राहिले. "सायबानू, चोरान स्क्रू कित्याक ठेवले?"

"घाईत राहिले असतील."

"घाईत? रांगेत?"

मी म्हटलं, "हवालदार, पंचनामा मी लिहितोय." आणि स्क्रू पाकिटात घालून लाखेने सील केले. ज्याला परत बसवायचं असतं तोच स्क्रू जपून ठेवतो, हे घरात पंखा उतरवणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. मला कळलं नाही. मी चार दिवस कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि संगमरवराच्या दुकानांत फिरलो. न्हाणीघराची एक फरशी तेवढी घरासाठी पसंत करून आलो.

पाचव्या दिवशी खबर मिळाली. दफनभूमीच्या फाटकाशी मेणबत्त्या विकणारी एक बाई होती. तिने हवालदारांना सांगितलं, "एक आन्टी येते. भर दुपारी, कोणी नसते तेव्हा. पांढरा फ्रॉक, काळी छत्री, मोठी पिशवी. त्या चाफ्याकडेच जाते. पाटी गेली त्या दिवशी पण आलेली."

पाळत ठेवायचं ठरलं. साध्या वेशात मी आत बसणार, हवालदार आंब्यामागे. बाई दिसली की मी रुमाल हलवायचा. पण दफनभूमीत नुसतं बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, म्हणून मी कुणाचा तरी नातेवाईक व्हायचं ठरवलं. चाफ्यापासून तीन कबरी सोडून एक बरीशी कबर होती, काळा दगड, कडेने तुळशीसारखं काहीतरी लावलेलं. नाव पुरुषाचं. जन्माचं साल होतं, मृत्यूचं पुसलं गेलं असावं असं वाटलं. मी निशिगंध ठेवला, मान खाली घातली आणि डोळ्यांना थोडा बाम लावला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. तासाभराने त्या जागेने मला आत ओढून घेतलं. ऑक्टोबरचं ऊन पांढरं असतं, त्याला रंग नसतो. त्या उन्हात कबरींचे देवदूत वितळल्यासारखे दिसत होते. चाफ्याचं फूल पडताना आवाज होत नाही म्हणतात, पण तिथे व्हायचा, एवढी शांतता होती. थोड्या थोड्या वेळाने विमान उतरायला यायचं. आधी त्याची सावली यायची, भिंतीवरून चढून, क्रूसांवरून घसरून, एकेका नावावरून बोट फिरवावं तशी पुढे निघून जायची, आणि मग आवाज. आवाज गेला की मागे उरलेली शांतता आधीपेक्षा मोठी असायची. मी स्वतःला बजावलं, डोळे मिटायचे नाहीत. मग बजावणाऱ्यानेच मिटले.

आणि ती आली. पांढऱ्या पोशाखात, काळ्या छत्रीखाली, पाय न वाजवता. विमानाची सावली तिच्यावरून गेली तेव्हा क्षणभर ती दिसेनाशी झाली आणि पुन्हा उजळली, जुन्या चित्रपटात दृश्य बदलतं तशी. चाफ्याखाली थांबली. कबरीच्या मागे वाकून हाताने काहीतरी चाचपत राहिली. मी मनात म्हटलं, आपली पाटी शोधतायत बाई. मला फार अपराधी वाटलं. आई माझ्या शेजारी उभी होती, कपाटापुढे उभी राहायची तशी. मी बसल्या जागी हात जोडले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि उन्हात विरघळून गेल्या.

खांद्यावर थाप पडली.

"कोणासाठी रडतंस, बावा?"

समोर एक म्हातारा. उंच, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याचा डबा.

मी घसा साफ केला. "माझे काका होते."

"कवा गेले?"

"झाली बरीच वर्षं."

"मना कोणी सांगितला नाय," म्हातारा म्हणाला. "मी सकाळी बाजारात जाऊन बोंबील आणले."

मी दगडावरचं नाव पुन्हा वाचलं. त्यांच्यात पुष्कळ जण जिवंतपणीच आपली जागा घेऊन ठेवतात, दगड बसवतात, नाव आणि जन्मसाल कोरून घेतात. मृत्यूचं साल कोरं सोडतात. ते पुसलेलं नसतं, यायचं असतं. मी ज्याच्यासाठी अर्धा दिवस शोक केला, तो माणूस माझ्या डोक्यावर उभा राहून आपल्या तुळशीला पाणी घालत होता.

आंब्यामागून हवालदार आले. तोंड फिरवून हसत होते, खांदे हलत होते.

"हवालदार, बाई आली होती का?"

"इली, फिरली, गेली. मी रुमालाची वाट बघतंय. रुमाल तुमच्या तोंडावर."

म्हातारा आपल्या कबरीच्या कडेवर ऐसपैस बसला. स्वतःच्या ओट्यावर बसावं तसा. "पोलीस ना? बूट बोलतात. रडणारा माणूस इतके चकचकीत बूट घालून येत नाय." मग तो बोलत राहिला. तो स्टुडिओत ट्रंपेट वाजवायचा. अमुक गाण्याच्या सुरुवातीला जो तुतारीसारखा आवाज येतो तो त्याचा, तमुक गाण्यात लग्नाची वरात येते ती त्याची. मी ऐकत राहिलो. त्या दुपारी कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. शेवटी तो उठला, डबा उचलला आणि सहज म्हणाला, "पाटी शोधा, बावा, तुमचा धंदा हाय. पण ते चार स्क्रू कशाला नेले? पितळेचे होते. असे आता मिळत नाय."

"पुरावा असतो तो," मी रुबाबात म्हटलं.

फाटकाबाहेर आल्यावर हवालदार थांबले. "सायबानू, चार स्क्रू गावले ह्यां पेपरात इलां?"

"नाही."

"मंडळाच्या चिटणीसाक सांगितलास?"

"नाही."

"पंचनाम्याक आमी चौघे. मग ह्या मेलेल्या माणसाक कोणी सांगितल्यान?"

मी तिथल्या तिथे मेणबत्तीवाल्या बाईच्या खोक्यावर बसलो. पोलीस अकादमीत आम्हाला शिकवलं होतं की गुन्हेगाराला जे ठाऊक असतं ते इतरांना ठाऊक नसतं, तिथे त्याला पकडा. मी ते शिकलो होतो. हवालदार सातवी पास होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई आणि हवालदारांना घेऊन मी ट्रंपेटवाल्याच्या घरी गेलो. कडक आवाज काढायचं ठरवलं होतं. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "कालच येशील वाटला. चल, पण तिच्यावर ओरडू नको. तिची तब्येत बरी नाय."

दोन गल्ल्या पलीकडे एक खोली. खिडकीत जाळीचा पडदा, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं वायलिन. खाटेवर पांढऱ्या फ्रॉकमधली माझी कालची स्वप्नातली बाई. उजेडात ती नटी नव्हती. सत्तरी ओलांडलेली, सुजलेल्या पायांची एक म्हातारी होती. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "हात जोडणारा!"

माझे कान तापले. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, त्याप्रमाणे मी कागद काढले. "आन्टी, पाटी कुठे आहे?"

तिने खाटेच्या पायथ्याशी बोट दाखवलं. भिंतीला टेकवून, खाली घोंगडी घालून, पाटी उभी होती. पाटीचा डावा कोपरा उडालेला. नटीचं नाव झळकत होतं.

"चोरलीत हे कबूल?"

"माझी वस्तू मी घरी आणली. तिला चोरी बोलतात?"

"यावर तुमचं नाव आहे का?"

"फिरव," ती म्हणाली.

हवालदारांनी आणि ट्रंपेटवाल्याने मिळून पाटी फिरवली. मागच्या बाजूला शेवाळाचे डाग होते, आणि त्या डागांतून एक बारीक कोरलेलं वायलिन वर आलं होतं. त्याच्या खाली एका पुरुषाचं नाव, दोन सालं आणि कोपऱ्यात कबरीचा नंबर. मी दोनदा वाचलं. महिला शिपाईने माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, कारण शाई कागदावर पसरत होती.

मग दोघांनी आळीपाळीने सांगितलं. नवरा वायलिनवाला. तो गेला तेव्हा सोबतच्या वादकांनी मिळून तिला कबरीची कायमची जागा घेऊन दिली, दोघांसाठी एकच. दगड तिने स्वतः निवडला, कोपरा उडालेला म्हणून दुकानदाराने बाजूला टाकलेला. त्यानंतर ती मुलं सांभाळायच्या कामावर आखातात गेली आणि तिथेच म्हातारी झाली. मागे पाटी निसटून गवतात पालथी पडली. पुढे चिटणीसांच्या मंडळाने नटीची कबर शोधायला माणूस पाठवला. तेव्हाच्या कबर खोदणाऱ्याला रोज रोज तेच विचारणाऱ्यांचा कंटाळा आलेला. त्याने चाफ्याखालची बिननावाची कबर दाखवून दिली, तीच दिसायला बरी होती. पाटी बनवणारा गवंडी आला, त्याला तिथेच संगमरवराचा आयता तुकडा पालथा सापडला. त्याने वरची बाजू घासली, नटीचं नाव कोरलं, चार पितळी स्क्रू लावले आणि नवी पाटी म्हणून लावून दिली.

"मी परत आले तर माझ्या नवऱ्यावर दुसरी बाई," म्हातारी म्हणाली. "कोपरा बघितला, मना लगेच समजला. चर्चच्या कमिटीला सांगितला. ते बोलले, आन्टी, तुमचं वय झालं, विसरायला होते. हा जुना, मोठ्या माणसाचा ग्रेव हाय, तो उघडता येत नाय. तुना आम्ही दोन वर्षांच्या जागेत ठेवू, नंतर भिंतीत."

तिथला रिवाज असा की ज्यांची कायमची जागा नाही त्यांना दोन-तीन वर्षांनी उकरतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जमीन पुढच्या माणसाला देतात.

"डाक्तर बोलला, नाताळ बघशील का ते देवाला विचार," ती म्हणाली. "सगळी जिंदगी मी दुसऱ्याच्या घरात राहिले, बावा. तिथे तरी घरी जाऊ दे."

बाहेर विमान गेलं, भिंतीवरच्या वायलिनच्या तारा किंचित गुणगुणल्या. मी विचारलं, "मग पाटी उलटी करून तिथेच का नाही लावली?"

ट्रंपेटवाला म्हणाला, "धुवायला आणली. दोन तारखेला लावणार होतो. पण स्क्रू पोलिसांनी नेले."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले.

"काल तुम्ही कबरीमागे काय शोधत होतात?" मी बाईला विचारलं.

"स्क्रू."

मग एकदम तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "गुरुवारचा निशिगंध तू आणतंस काय? मेणबत्तीवाली बोलली, एक पोलीस ठेवते. दोन वर्षं मी विचार करते, कोण हा. माझ्या नवऱ्याला निशिगंधाने शिंका यायच्या."

मी मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला. "मग त्या कुठे आहेत? नटी?"

"भिंतीत," ट्रंपेटवाला म्हणाला. "तिचं कोणी नव्हतं. मयताला आम्ही आठ माणसं. दोन वर्षांनी तिला उकरली, तेव्हाच्या फादरने कोनाडा दिला. नाव नाय, नंबर हाय. आम्हाला कोणी विचारलाच नाय."

ठाण्यात परतलो तेव्हा सगळ्यात अवघड काम उरलं होतं, ते म्हणजे चिटणीस. पाटी त्यांच्या मंडळाची, तक्रार त्यांची. त्यांनी हट्ट धरला असता तर म्हातारीवर दोषारोपपत्र पाठवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. नाताळ तिने कोर्टाच्या बाकावर काढला असता आणि कबरीचा वाद तिच्यानंतर दहा वर्षं चालला असता. मी त्यांना फोनवर काही सांगितलं नाही. सरळ तिच्या खोलीत घेऊन गेलो.

चिटणीसांनी पाटीची एक बाजू पाहिली, मग दुसरी. फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. मग म्हातारीकडे वळून, "आन्टी, आम्ही दर वर्षी तिथे टेपरेकॉर्डर लावायचो. बाईंची गाणी. तुम्हाला किती त्रास झाला असेल."

"त्रास कशाला?" म्हातारी म्हणाली. "वायलिन त्याचाच होता."

चिटणीस माझ्याकडे वळले. "साहेब, माझी तक्रार राहू देऊ की मागे घेऊ? तुमच्यात काय करतात?"

आमच्यात तक्रार अशी मागे घेता येत नाही, पण गैरसमजातून दाखल झालेल्या गुन्ह्यासाठी 'क समरी' नावाचा अहवाल असतो. तो कोर्टाकडे पाठवतात. मी चर्चच्या कार्यालयात बसून जुनं रजिस्टर उघडलं. म्हातारीला नीट आठवत नाही असं धरून चालल्यामुळे आजवर कुणी ते शोधलं नव्हतं. आता पाटीवर साल होतं आणि नंबर होता. वाळवीने पानाची कड खाल्ली होती, पण नंबर शाबूत, आणि समोर 'कायम, पती-पत्नी' अशा अर्थाची इंग्रजी नोंद. कमिटीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हातारी म्हणाली, "सांगितला." तेवढंच.

मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला. "म्हणजे तक्रार खरी, पाटी नेली हे खरं, नेणारी सापडली, आणि चोरी झालीच नाही."

"हो सर."

"आणि तू दोन वर्षं कुणाला फुलं वाहिलीस?"

"वायलिनवाल्याला, सर."

साहेबांनी सही केली. पाटी ताबेपावती करून मी म्हातारीच्याच ताब्यात ठेवली होती. स्क्रूही तसेच परत दिले. त्या ताबेपावतीवर 'पितळी स्क्रू, नग चार' असं लिहिताना कारकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती मी निवृत्तीपर्यंत विसरलो नाही.

दोन तारखेला संध्याकाळी दफनभूमी ओळखू येत नव्हती. प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, माणसं बादल्या घेऊन दगड घासतायत, झेंडूचा आणि मेणाचा वास एकत्र. उजेड खालून येत होता, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे जरा वर तरंगल्यासारखे वाटत होते. ट्रंपेटवाल्याने पाटी बसवली, वायलिन वर. मी स्क्रू देत होतो. चौथा माझ्या हातून गवतात पडला. हवालदारांनी काहीही न बोलता खाली बसून तो शोधला. म्हातारी खुर्चीत होती. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर तिने पाटीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बस झाला," आणि घरी न्यायला सांगितलं.

चिटणीस त्यांची माणसं घेऊन भिंतीपाशी उभे होते. हातभर उंचीच्या त्या चौकोनापुढे, नुसत्या नंबरापुढे, पन्नासेक माणसं. कुणीतरी गाणं लावलं. मीही निशिगंधाची जुडी घेऊन निघालो. सवयीने पाय आधी चाफ्याकडे वळले, मग परत फिरलो.

या केसने काय शिकवलं, असं नव्या पोरांनी विचारलं की मी सांगतो, हवालदाराचं ऐकावं आणि जेवून पाळतीला बसू नये. त्यांना वाटतं मी टाळतोय. खरं एवढंच की त्यानंतर माझ्या समोर कुणाचंही नाव लिहिलेला कागद आला, तर मी तो उलटून बघायला लागलो. बहुतेक वेळा मागे काही नसायचं.

म्हातारीने तो नाताळ पाहिला. पुढचे दोनही पाहिले. त्या डॉक्टरांना ती दर वर्षी केक पाठवायची. मग तिला तिच्या जागी ठेवलं, कुठलीही अडचण आली नाही, आणि पाटीवर नवऱ्याच्या नावाखाली तिचं नाव कोरलं.

मी अजून दोन नोव्हेंबरला जातो. ट्रंपेटवाला नव्वदीत आहे. त्याच्या दगडावरची जागा अजून कोरीच आहे. तो सरकून मला स्वतःच्या कबरीवर बसायला देतो आणि विचारतो, "काका कसे हाय?" मेणबत्त्या लागल्या की आम्ही दोघं चाफ्याखालच्या पाटीकडे बघत बसतो. नटीचं नाव तिच्या मागच्या बाजूला अजून तसंच आहे, मातीकडे तोंड करून. घासून काढू का, असं गवंड्याने विचारलं होतं. म्हातारी म्हणाली होती, राहू दे, खाली त्याला वाचायला होईल.